भिंतीकडे तोंड केलेले बारा गणपती

१

हमरापूरला काळुरामशेठच्या कारखान्यात गुरुवारी सकाळी एकोणीस गणपती फुटलेले सापडले, आणि सात वाजायच्या आत फोडणाराही सापडला. इतक्या झटपट सापडलेला आणि वर स्वतःहून कबूल झालेला गुन्हेगार सुनीतीबाईंना छत्तीस वर्षांच्या मास्तरकीत एकदाही भेटला नव्हता. म्हणूनच त्यांचा त्याच्या कबुलीवर काडीचा विश्वास बसला नाही.

फोन काळुरामशेठच्या सुनेचा, नमिताचा आला. "बाई, तुमच्या धनेशला धरून ठेवलाय. आमचे हे पोलिसांत जायला निघालेत. तुम्ही येता का?"

सुनीतीबाई रोह्याच्या. प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी जुने विद्यार्थी अजून त्यांच्यासमोर खिशातून हात बाहेर काढतात. वर्गात कुणाची पेन्सिल गेली, तर बाकांमधून एक फेरी मारून कोणी उचलली ते त्या सांगत. फक्त चोरी कळली की चोराला आधी जवळ बसवून चहा पाजायची त्यांना खोड होती, आणि त्यापायी हेडमास्तरांशी त्यांचं कधी पटलं नाही.

"धनेशनं फोडले?" त्यांचे यजमान शरदराव यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "अगं, उद्या त्याला कंपनीत रुजू व्हायचंय."

"म्हणून तर निघाले. तुमची गोळी डबीत आहे. विसरलात तर याद राखा."

त्यांनी गाडी काढली. आज पोलिसांत तक्रार झाली, की पोराच्या चारित्र्याच्या दाखल्याचं वाटोळं. दाखला नाही तर कंपनी नाही, आणि कंपनी नाही तर पुन्हा रुळांकडेची ती वस्ती, तीच टोळी आणि तेच धंदे. एकोणिसाव्या वर्षी पोराच्या आयुष्याचा निकाल लागायचा होता, तोही एका दिवसात.

२

धनेशशी बाईंची ओळख झाली ती खांब गावाजवळ, भर महामार्गावर. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. गाड्यांची रांग दोन तास जागची हललेली नव्हती, आणि शरदरावांनी छाती धरली. त्या रांगेत पाच पोरं ट्रकांच्या टाक्यांतून डिझेल उपसत हिंडत होती. पेण स्टेशनच्या पुढे रुळांच्या कडेला पत्र्याच्या झोपड्या आहेत, तिथली ही पोरं. खारेपाटातला बांध फुटला, खाडीचं पाणी शेतात शिरलं, मिठागरं बंद पडली, आणि त्यांचे आईबाप तिथे येऊन राहिले. पेणमध्ये त्यांना 'रूळवाले' म्हणत. मोबाइल गेला, बॅटरी गेली, कुणाचं डोकं फुटलं, की आधी रूळवाल्यांचं नाव. निम्म्या वेळा ते खरंही असे.

त्यांतल्या म्होरक्यानं गाडीत डोकावून पाहिलं. हातातला कॅन फेकला. "काकांना मधी बसवा," एवढंच बोलला, आणि शरदरावांना मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून शेताच्या बांधाबांधानं रोह्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तोच पोरगा दारात उभा. "काका हायत?" त्यानं विचारलं. काका आहेत म्हटल्यावर चहाही न घेता परत फिरला, तर बाईंनी त्याला हाताला धरून आत आणलं. त्या दिवसापासून त्यांनी या पोरावर जीव लावला होता. आयटीआयला घातला, फॉर्म भरले, जुन्या विद्यार्थ्याला गळ घालून कंपनीत जागा मिळवली. आणि दोन वर्षांपूर्वी हमरापूरच्या कारखान्यातल्या पुंडलिकबाबांनी त्याला माती वाहायला ठेवून घेतला, तेव्हापासून टोळीही बरीच वळणावर आली होती.

३

धनेश मातीच्या पोत्यावर मान खाली घालून बसला होता. दारात हर्षद, काळुरामशेठचा मुलगा, हाताची घडी घालून उभा.

"साडेसहाला मी आलो, तर हा फुटक्या गणपतींमध्ये उभा," हर्षद म्हणाला. "काल याची टोळी इथं येऊन माझ्याशी भांडून गेली. तो प्रविण मला म्हणाला, तुझा कारखाना कसा चालतो ते बघतो. आणखी काय पायजे?"

"टोळी कशाला आली होती?"

"याला भेटायला. मी हाकलले. चोरांचं काय काम गणपतीच्या कारखान्यात?"

बाई धनेशसमोर बसल्या. "कशानं फोडलेस?"

"मांडणीला लाथ घातली." त्यानं वर पाहिलं नाही.

"का?"

"हर्षददादानी पोरांना शिव्या घातल्या म्हणून. बाई, मी बोललो ना मीच. कशाला आलात एवढ्या लांब?"

काळुरामशेठ मधे पडले. जाडजूड, मवाळ माणूस, पण आज त्यांचा चेहरा उतरलेला. "बाई, तुमचा मान म्हणून पाच वाजेपर्यंत थांबतो. नंतर माझ्या हातात काय नाय. गणपती फोडलेत हो यानं."

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. कारखान्यात बाकीचे शेकडो गणपती साच्यातले, पण या मागच्या खोलीत फक्त शाडूचे एकतीस. त्यांचे डोळे पुंडलिकबाबाच काढणार, असं गिऱ्हाईक वर्षभर आधी सांगून ठेवायचं. बांबूंवर फळ्या सुंभाने बांधून केलेली दोन कप्प्यांची मांडणी पुढे कोसळली होती आणि तिच्यासमोर मातीचा, रंगाचा ढीग. पण उरलेले बारा गणपती जमिनीवर, घडी घातलेल्या गोणपाटावर ओळीने ठेवलेले. अंगावरचं प्लॅस्टिक जसंच्या तसं. आणि बाराही जणांची तोंडं भिंतीकडे.

मांडणीची सुंभं कुठे गेली म्हणून बाईंनी शोधलं. ती तुटलेली नव्हती, कापलेलीही नव्हती. गाठी सोडवून, नीट वेटोळी करून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली होती.

लाथ घालणारा माणूस सुंभाची वेटोळी कशाला करत बसेल?

४

नमिता दागिन्यांचा सोनेरी रंग लावायची. बाईंनी तिला बोलावून घेतलं.

"हे प्लॅस्टिक कोण घालतं?"

"मीच. माझं काम झालं की झाकून ठेवते. मग बाबा एकेक उघडून डोळे काढतात, परत झाकतात. त्याच्यानंतर आम्ही कोणी उघडत नाय. आमच्याकडे रीत हाय बाई, डोळे काढले की पहिली नजर घेऊन जाणाऱ्या घरची."

"मग कुठल्या गणपतीचे डोळे झालेत, हे तुला बाहेरून कळतं?"

"मला नाय, सासऱ्यांना नाय, ह्यांना नाय. बाबांना ठाऊक. डोळे झालेले ते वरच्या फळीवर ठेवतात, पण किती झाले ते आम्ही विचारत पण नाय. जेवायच्या सुट्टीत दार लावून बसतात. मदतीला हा धनेश."

"आज रीत मोडू या," बाई म्हणाल्या. "पाप माझ्या माथ्यावर."

नमितानं कचरत एकेक प्लॅस्टिक उचललं. बाराच्या बारांना डोळे होते. सुरेख, शांत डोळे. नमिता हात जोडून उभी राहिली.

बाई मात्र चष्मा पुसून जवळ वाकल्या. त्यांच्या स्वतःच्या घरी सात वर्षं पुंडलिकबाबांच्या डोळ्यांचा गणपती येत होता. पापणीची रेघ डावीकडे टेकायची आणि उजवीकडे बारीक होत संपायची, कुठल्याही उजव्या हाताच्या माणसाची संपते तशी. या रेघा उलट्या होत्या. पाटीवर पहिलीच्या पोरांचा हात धरण्यात जिचा जन्म गेला, तिला हे दिसणारच. हे डोळे डावखुऱ्या हाताने काढले होते. आणि कंपनीच्या फॉर्मवर धनेशनं सही कुठल्या हाताने केली, ते बाईंनी शेजारी बसून पाहिलं होतं.

त्या घमेलं घेऊन ढिगापाशी बसल्या आणि चेहऱ्यांचे तुकडे वेचू लागल्या. अठरा चेहरे कोरे निघाले. एकोणिसावा त्यांनी उचलला, आणि उजेडाकडे धरला.

त्याला डोळे होते.

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, तो तुकडा हातरुमालात गुंडाळला आणि कोणाला काही न सांगता पर्समध्ये टाकला.

५

पेणला रुळांकडेच्या वस्तीत गाडी थांबली, तशी चार पोरं धावत आली. बाईंनी तोंड उघडायच्या आत पहिला म्हणाला, "बाई, धनेशदादाला सोडायला सांगा. मी फोडले. काठीनं."

दुसऱ्यानं त्याला मागे ढकललं. "हा खोटं बोलतो. मी फोडले, दगडांनी."

तिसऱ्यानं हातोडी वापरली होती. बाईंना हसू आवरेना, आणि हसता हसता डोळे भरून आले. एका गुन्ह्याला तीन गुन्हेगार, आणि एकालाही मागच्या खोलीचं दार कुठल्या बाजूला आहे ते सांगता येईना.

"अरे गाढवांनो, शाळेत असतात तर चौघांना अंगठे धरून उभं केलं असतं," त्या म्हणाल्या. "प्रविण, तू राहिलास. तू कशानं फोडलेस?"

प्रविण बाकीच्यांपेक्षा मोठा. तो खोटं बोलला नाही. "बाई, त्यानं आम्हाला लय सांभाळलंय. मला गॅरेजात त्यानंच लावला. त्याला कंपनीत जाताना बघायचं होतं आम्हाला. नवीन बूट घेतले सगळ्यांनी मिळून, ते द्यायला काल कारखान्यात गेलतो. तर हर्षदनी हाकलला. डोकं फिरलं, बोललो काय पण. केलं नाय काय."

"बूट दिलेस?"

"दिले की रात्री घरी. तर बोलला, परत करा. मी कंपनीत नाय जात."

बाई सरळ झाल्या. "काय म्हणाला? नीट आठवून सांग."

"बोलला, अजून बाकी हायत, ते सोडून नाय जायचा. बाबाला पण सांगितलंय, बोलला. काय बाकी हायत ते नाय सांगितलं."

६

पुंडलिकबाबा जोहे गावात राहत. जोह्याच्या रस्त्याला लागताना बाईंना सगळं लख्ख दिसलं.

मांडणी आपोआप कोसळली असं वाटावं, असा फोडणाऱ्याचा बेत होता. नुसती सुंभं सोडून मांडणी पाडली असती, तर कोणाला शंकाही आली नसती. जुनी मांडणी, पावसाळी हवा, कुजली असेल म्हणून सोडून दिलं असतं. पण डोळे काढलेला गणपती म्हणजे त्याच्या लेखी देव, आणि देव त्याच्या हातून फुटणार नव्हता. म्हणून त्याने आधी वरच्या फळीवरचे बारा उतरवले, आणि पुढचं त्यांना दिसू नये म्हणून त्यांची तोंडं भिंतीकडे केली. तिथे, आणि हाताच्या सवयीने वेटोळी करून टांगलेल्या सुंभांपाशी, बेत फसला. कोसळणारी मांडणी देव निवडत नाही.

मग निवडणारा कोण? काळुरामशेठ, हर्षद, नमिता, यांना आतलं काही ठाऊक नव्हतं. टोळीला तर मुळीच नव्हतं. उरले दोघे, पुंडलिकबाबा आणि धनेश.

आणि धनेश नव्हे, हे पर्समधला तुकडा सांगत होता. बाबा घरी गेल्यावर कालच त्यानं तेराव्याचे डोळे काढले असणार. रंग ओला, म्हणून खालच्या फळीवर जागच्या जागी राहू दिला. धनेशनं फोडले असते, तर त्यानं तेरा बाजूला काढले असते. फोडणाऱ्याला बाराच ठाऊक होते.

बाबांचं घर बंद नव्हतं. म्हातारा बाजेवर पडून होता. आवाजावरून त्यांनी बाईंना ओळखलं, उठून पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि तो बाईंच्या हाताच्या वीतभर डावीकडे आला. बाईंनी हात तिकडे नेऊन तो घेतला.

"बाबा, दिसायचं कधीपासून कमी झालं?"

म्हातारा बाजेची कड चाचपत खाली बसला. "दोन वर्सं. काचबिंदू. डॉक्टर बोलला, गेलं ते परत नाय यायचं."

"कारखान्यात गणपती फुटलेत."

"मांडणी जुनी व्हती," बाबा म्हणाले.

"मी मांडणीचं नाव काढलं नव्हतं, बाबा. आणि धनेशला धरलंय. मीच फोडले म्हणून सांगतोय तो सगळ्यांना. पाच वाजता त्याला पोलिसांत देणार आहेत."

म्हातारा ताडकन उभा राहिला. "त्याला कशाला? तो सकाळी तिथं कशाला गेला?"

"तुमचं काम उरकायला गेला असणार."

बाबा परत खाली बसले आणि रडू लागले. बाईंनी त्यांना रडू दिलं.

"पोराच्या हातात देव हाय, बाई. मी गुपचूप शिकवला. काळुरामला सांगायची लाज वाटली. चाळीस वर्सं माझ्या डोळ्यांचं नाव, आणि मलाच दिसत नाय. यंदा पोरगा दार लावून माझ्या नावानं काढत व्हता, कधी तोंडातून शब्द नाय. परवा मला बोलतो, बाबा, मी कंपनीत नाय जात, एकोणीस बाकी हायत. माझ्यापायी त्याचा जल्म फुकट जाणार व्हता. मी मनात बोललो, बाकीच नाय राहिले तर जाईल. राती जाऊन कोरे फोडले, बाई. कोरी मातीच ती. देवाला हात नाय लावला मी. एकाला पण नाय."

बाईंनी पर्स घट्ट धरली. बोलायला त्यांच्याकडे एकच वाक्य होतं, आणि ते त्यांनी गिळलं.

"चप्पल घाला," त्या म्हणाल्या. "पाचच्या आत पोचायचंय."

७

कारखान्यात सगळे जमले होते. रूळवाल्यांची चौकडीही दोन मोटारसायकलींवरून येऊन दाराबाहेर उभी होती. हर्षद त्यांच्याकडे रागाने बघत होता, पण बाई आल्या म्हणून गप्प होता.

बाबांनी बाईंना बोलूच दिलं नाही. भिंत चाचपत मधे आले आणि सगळं सांगून टाकलं, डोळ्यांचं, धनेशच्या हाताचं आणि सुंभाचं. धनेश मधेमधे "बाबा, गप ऱ्हावा" म्हणत होता. म्हाताऱ्यानं ऐकलं नाही.

"पण बाई, तुम्हाला कसं कळलं?" नमितानं विचारलं.

"सुंभाची वेटोळी पाहून. रागावलेला पोरगा असलं टापटिपीचं काम करत नाही. आणि हे बारा पाहून. यांना वाचवण्यापायी बाबांनी स्वतःचं बिंग फोडलं." बाई तेवढ्यावर थांबल्या. धनेशनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. तेराव्याचं नाव त्यांनी घेतलं नाही, हे त्याच्याच एकट्याच्या लक्षात आलं होतं.

काळुरामशेठ बाबांसमोर उभे राहिले. "पुंडलिक, मला सांगायचं तरी रे. तुझ्या जीवावर हा कारखाना उभा राहिला. मी काय तुला घालवला असता?"

"लोकं काय बोलली असती? रुळांवरचा पोर देवाचे डोळे काढतो?"

शेठ खाली वाकले. बारांतल्या एका गणपतीवरचं प्लॅस्टिक बाजूला केलं, आणि चांगली पाच मिनिटं बघत राहिले. हर्षदही पुढे आला.

"कोणी विचारलं तर धनेशचं नाव सांगीन," शेठ म्हणाले. "नको असंल त्याने घेऊ नये. चतुर्थीला अजून सहा आठवडे हायत. माती हाय, साचे हायत, हात कमी पडतात."

"हात आमचे घ्या," दारातून प्रविण म्हणाला. "गॅरेज सुटल्यावर येऊ रोज."

सगळे हर्षदकडे बघू लागले. त्यानं जरा वेळ पायाने जमीन उकरली. मग म्हणाला, "शाडूची पोती पलीकडच्या खोलीत हायत. पाय धुऊन या." प्रविणने मान डोलवली आणि सगळे नळाकडे गेले.

"आणि तू," शेठनी धनेशकडे बोट केलं, "उद्या कंपनीत. सुट्टीच्या दिवशी इथं यायचं आणि दार उघडं ठेवून डोळे काढायचे. बाबा शेजारी बसतील, तुझ्या चुका काढायला."

धनेश पुढे आला. तो वाकून शेठच्या पाया पडला, मग बाईंच्या. बाईंनी त्याला खांद्याला धरून उठवलं. "माझ्या कसल्या पाया पडतोस? तुम्ही पाचांनी माझा नवरा मला परत आणून दिलात. आज तुमच्या कामी यायला मिळालं, यापरतं मला काय हवं?"

निघताना बाबा गाडीपर्यंत आले. त्यांनी धनेशचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, कपाळ, भुवया, गाल. मग आवाज खाली आणून विचारलं, "पोरा, खरं सांग. मी फोडले त्यांत डोळेवाला एक पण नव्हता ना? बाराच झालते ना?"

बाईंचा हात पर्सवर गेला.

धनेशनं म्हाताऱ्याचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले. "व्हय बाबा, बाराच. बाकीची कोरी मातीच व्हती."

बाबांनी सुटकेचा मोठा श्वास सोडला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "मग जा आता. उशीर नको करू. सकाळी बूट घालून जा, पोरांनी हौसेनं घेतलेत."

बाईंनी गाडी सुरू केली. धनेश शेजारी बसला, काच खाली केली, आणि वळण येईपर्यंत बाबांना हात करत राहिला. बाबांना तो दिसत नव्हता, तरी तेही हात करत होते.